दहा म्हणजे अठरा

२०२३ च्या ऑगस्टमधील पहिल्या शनिवारी सकाळी, आमचा पहिला चहा व्हायच्या आत, भाच्याचा फोन आला. भाचा अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, पुलमन नावाच्या लहानशा गावी, वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात गव्हाच्या पैदासशास्त्रावर संशोधन करतो. फोन नेहमीप्रमाणे स्पीकरवर ठेवला. पलीकडून आवाज आला, "मामा, मामी, आमची कॉन्फरन्स मोडली."

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. आम्हांला वाटले, चर्चासत्र रद्द झाले असावे. "अरे, मग नव्या तारखा कळवतील. तुझा निबंध होता का त्यात?" असे आमच्यापैकी एकाने विचारले. भाचा हसला, पण त्या हसण्यात फारसा आनंद नव्हता. "निबंध नाही हो मामी. फुटबॉल. आज एका दिवसात पाच विद्यापीठं सोडून गेली."

कॉन्फरन्स म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर नोंदणी शुल्क, कापडी पिशवी, दीपप्रज्वलन, लांबलेले बीजभाषण आणि शेवटी प्रमाणपत्र एवढेच येते. या शब्दाला दुसराही अर्थ आहे आणि त्या अर्थाच्या कॉन्फरन्सवरून लाखो माणसे हळहळतात, हे आम्हांला त्या सकाळी समजले. पुढे वर्ष-दीड वर्ष आम्ही या विषयाच्या मागे लागलो. खेळ आम्हांला अजूनही पुरता कळत नाही. लंबगोल चेंडू बहुतेक वेळ हातांत धरून पळणाऱ्या या खेळाला फुटबॉल का म्हणतात, हेही मनाला पटलेले नाही. परंतु शब्दांचे जे झाले ते मात्र आम्हांला कळले, कारण तो आमचा विषय आहे.

वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. अमेरिकेत विद्यापीठांचे फुटबॉल ही एक स्वतंत्र संस्था आहे. तिचा आरंभ १८६९ सालच्या रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यातील सामन्यापासून मानतात. पुढे जवळपासच्या विद्यापीठांनी आपापसांत खेळण्यासाठी संघ बांधले, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. जवळपासच्या, कारण खेळाडू रेल्वेने जात आणि सोमवारी वर्गात परतावे लागे. मध्य-पश्चिमेतील विद्यापीठांचा संघ १८९६ मध्ये झाला, तो पुढे 'बिग टेन' म्हणजे 'मोठे दहा' या नावाने प्रसिद्धीस आला. टेक्सास आणि आसपासच्या विद्यापीठांची साउथवेस्ट कॉन्फरन्स १९१४ ची. प्रशांत महासागराच्या बाजूची परंपरा १९१५ पासूनची. तिचे शेवटचे नाव 'पॅक-१२', आणि भाच्याची मोडली ती हीच. म्हणजे कॉन्फरन्सच्या मुळाशी भूगोल होता. शेजारधर्म होता, आणि शेजारधर्माबरोबर येणारे भांडणही होते. वर्षातून एकदा शेजाऱ्याला हरवायचे आणि उरलेले वर्ष त्याच जोरावर काढायचे, हा त्या खेळाचा स्थायीभाव.

दूरचित्रवाणी आली तेव्हा या मंडळींना तिचे भयच वाटले होते. घरबसल्या सामना दिसू लागला तर मैदानावर कोण येणार? म्हणून विद्यापीठीय खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने १९५० च्या दशकाच्या आरंभापासून प्रक्षेपणावर कडक मर्यादा घातल्या. १९८० च्या दशकाच्या आरंभीच्या योजनेनुसार कोणताही संघ दोन वर्षांत सहापेक्षा अधिक वेळा पडद्यावर दिसू शकत नसे. बलाढ्य विद्यापीठांना हे जाचू लागले. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया ही विद्यापीठे न्यायालयात गेली, आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा मतांनी एनसीएएची ही मक्तेदारी बेकायदा ठरवली. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिला. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटू होते. इतर धंद्यांना लावायचा नियम विद्यापीठांच्या खेळाला जसाच्या तसा लावला तर शिक्षणाशी असलेले त्याचे नाते तुटेल, अशी त्यांची चिंता होती. मैदानावर खेळलेला माणूस अल्पमतात राहिला. कायद्याच्या दृष्टीने बहुमत बरोबरच असेल, त्याविषयी बोलण्याचा अधिकार आम्हांला नाही. तथापि एखाद्या न्यायनिर्णयातील अल्पमत पुढच्या चाळीस वर्षांचे भाकीत ठरावे, याचे आम्हांला नवल वाटले.

पुढील घटनाक्रम झपाट्याने सांगतो. सामने विकण्याचा अधिकार मोकळा झाल्यावर तो कोणी आणि कोणाबरोबर विकायचा, हा प्रश्न आला. नोत्र दाम या विद्यापीठाने एनबीसी वाहिनीशी एकट्याचा करार केला आणि १९९१ पासून त्याचे घरच्या मैदानावरील सामने तिथे दिसू लागले. इतरांनी कॉन्फरन्सचे गाठोडे करून विकायचे ठरवले. गाठोडे जितके वजनदार, तितकी किंमत अधिक. साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, निवर्तली. तिच्यातील चार टेक्सासी विद्यापीठे 'बिग एट' मधील आठांना मिळाली आणि 'बिग ट्वेल्व्ह' जन्मली. उरलेल्यांनी आपापली वाट शोधली.

२००७ मध्ये बिग टेनने स्वतःची वाहिनी काढली, आणि हिशेब आणखी बदलला. केबलच्या बिलात प्रत्येक घरामागे या वाहिनीचे काही पैसे वसूल होत, घरातले कोणी सामना पाहो अथवा न पाहो. ज्या राज्यात आपले विद्यापीठ, तिथे हा दर अधिक. मग चांगले खेळणाऱ्या विद्यापीठापेक्षा दाट वस्तीच्या राज्यातील विद्यापीठ मोलाचे ठरले. २०१४ साली मेरिलँड आणि रटगर्स बिग टेनमध्ये आली ती अशी. वॉशिंग्टन शहराच्या आणि न्यूयॉर्कच्या परिसरातील घरे त्यांच्या पाठोपाठ आली. त्याच सुमारास टेक्सास ए अँड एम विद्यापीठ बिग ट्वेल्व्ह सोडून साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये गेले, आणि १८९४ पासून चालत आलेला टेक्सास विरुद्ध टेक्सास ए अँड एम हा सामना २०११ नंतर थांबला. तो पुन्हा झाला २०२४ मध्ये, तोही दोघे परत एका गाठोड्यात आल्यावर. मधल्या तेरा वर्षांत तिथे शिकून बाहेर पडलेल्या मुलांना हे भांडण नुसते ऐकून माहीत.

लोक केबल सोडू लागले तेव्हा घरे मोजण्याची युक्ती निरुपयोगी झाली. आता देशभर कोणीही थांबून पाहील असा सामना हवा, म्हणजे नामांकितांनी नामांकितांशीच खेळायला हवे. २०२२ मध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा, सातशे कोटी डॉलरहून मोठा करार केला. त्याआधीच, त्या वर्षीच्या जूनअखेरीस, लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए या दोन विद्यापीठांनी पॅक-१२ सोडून तिकडे जाण्याचे जाहीर केले होते. २०२३ च्या जुलैत कोलोरॅडो गेले. पॅक-१२ च्या हाती उरला तो ॲपल कंपनीचा, वर्गणीदारांच्या संख्येवर वाढणारा प्रस्ताव. ४ ऑगस्टला त्यावर एकमत व्हायचे होते. त्याच दिवशी ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्हकडे गेली. ओरेगन आणि वॉशिंग्टन यांनी तर पूर्ण वाट्याचा आग्रहही धरला नाही, अपुऱ्या वाट्यावर गेली. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कली यांना अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सने घेतले. त्यांच्याबरोबर टेक्सासमधील एसएमयू हे विद्यापीठ आले, आणि त्याने प्रवेशासाठी नऊ वर्षे प्रक्षेपणाच्या पैशांवर पाणी सोडले. बारांतून उरली दोन : ओरेगन स्टेट आणि भाच्याचे वॉशिंग्टन स्टेट.

इथे आमच्यातला शब्दशक्ती शिकवणारा अध्यापक जागा झाला. आजमितीस बिग टेनमध्ये अठरा विद्यापीठे आहेत आणि बिग ट्वेल्व्हमध्ये सोळा. २०१२ आणि २०१३ च्या मोसमांत बिग टेनमध्ये बारा आणि बिग ट्वेल्व्हमध्ये दहा होती, तेव्हा निदान पाट्यांची अदलाबदल तरी शक्य होती. १९९० मध्ये पेन स्टेट अकरावे म्हणून आले, तेव्हा बिग टेनने आपल्या बोधचिन्हातील अक्षरांच्या रिकाम्या जागेत अकराचा आकडा दडवला होता. त्या वेळी नाव खोटे पडल्याची थोडी लाज होती असे म्हणता येईल. पुढे ती राहिली नाही.

लक्षणेसाठी मम्मटाने तीन अटी घातल्या आहेत, हे आम्ही दर वर्षी फळ्यावर लिहितो. मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन. गंगेवर गवळ्यांची वस्ती असे म्हटले की वाहत्या पाण्यावर वस्ती असणे अशक्य, म्हणून आपण काठ असा अर्थ घेतो, आणि गंगेची शीतलता व पावनता सुचवणे हे त्याचे प्रयोजन. आता 'अटलांटिक किनाऱ्यावरचे स्टॅनफर्ड' हे घ्या. स्टॅनफर्ड प्रशांत महासागराच्या बाजूला, म्हणजे मुख्यार्थाचा बाध पुरेपूर. काठाचा संबंध जोडावा, तर मध्ये अख्खे खंड पसरलेले. प्रयोजन तेवढे सांगता येते, आणि ते पावनता नाही. आम्ही हे वर्गात उदाहरण म्हणून सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, मग ही लक्षणा आहे की फक्त खोटं आहे?" याचे समाधानकारक उत्तर आम्ही अद्याप दिलेले नाही.

२०२४ च्या दिवाळीच्या सुटीत आम्ही पुलमनला गेलो. पालूस म्हणतात तो तो प्रदेश. नजर जाईल तिथवर गव्हाच्या शेतांच्या मऊ टेकड्या, आणि त्यांच्यात लपलेले गाव. गावाची वस्ती आणि मैदानाची आसनसंख्या जवळपास सारखीच, तीस-बत्तीस हजारांच्या घरातली. भाच्याने युटा स्टेटविरुद्धच्या सामन्याची तिकिटे काढून ठेवली होती. सामना रात्रीचा. इतक्या थंडीत रात्री कशाला, असे आम्ही विचारले. वेळ विद्यापीठ ठरवत नाही, वाहिनी ठरवते, असे कळले. दुपारच्या चांगल्या वेळा थोरामोठ्यांच्या, उरलेल्यांनी रात्री खेळायचे. न्यूयॉर्ककर झोपायला जातात तेव्हा पुलमनकर कुडकुडत बाकांवर बसतात. खेळ मध्येच थांबे. कोणी पडले नाही, लागले नाही, पंचांची शिट्टी नाही, आणि तरी दोन्ही संघ उभे. "जाहिराती चालू आहेत, मामा," भाचा म्हणाला. मैदानावर जाहिराती दिसत नाहीत, दिसते ती फक्त त्यांच्यासाठी थांबलेली माणसे. हे दृश्य आमच्या मनातून जात नाही.

शेजारच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ होते, शेतकरी. वॉशिंग्टन विद्यापीठाबरोबरचा त्यांचा सामना १९०० पासूनचा, तो हल्ली 'ॲपल कप' या नावाने ओळखतात. नोव्हेंबरअखेरीस, थँक्सगिव्हिंगच्या सणाला लागून तो व्हायचा. त्या वर्षी तो सप्टेंबरातच उरकला होता, कारण नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनला बिग टेनमधील सामने होते. "पण आम्ही जिंकलो ना?" भाच्याने त्यांना चिडवले. जिंकले होते, चोवीस-एकोणीस. ते गृहस्थ म्हणाले ते आम्ही आमच्या भाषेत सांगतो : जिंकलो खरे, पण सणाला जिंकण्याची गोष्ट वेगळी. आम्हांला हे लगेच समजले. आषाढीची वारी सोयीसाठी मार्गशीर्षात हलवली तर विठोबा तोच राहील, वारी मात्र तीच राहील असे म्हणवत नाही.

त्या विद्यापीठाचा एक झेंडा आहे. ईएसपीएन वाहिनीचा शनिवार सकाळचा फुटबॉलचा कार्यक्रम दर आठवड्याला वेगवेगळ्या विद्यापीठांच्या आवारांतून होतो, आणि २००३ पासून वॉशिंग्टन स्टेटचे माजी विद्यार्थी देशभर कुठेही गर्दीत उभे राहून तो झेंडा फडकवत आले आहेत. त्याचे पैसे त्यांना कोणी देत नाही. म्हणजे ज्या पडद्याने या विद्यापीठाला 'बाजार' नाही असे ठरवले, त्याच पडद्यावर त्याचा झेंडा दर शनिवारी दिसतो. आम्ही भाच्याला विचारले, हे दुःखद आहे की विनोदी? तो म्हणाला, "तुम्ही साहित्याचे आहात, तुम्ही ठरवा."

दुसऱ्या दिवशी त्याने आम्हांला आपली शेते दाखवली, आणि चालता चालता एक गोष्ट सांगितली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९५० च्या दशकात याच पुलमनमध्ये ऑरव्हिल व्होगेल नावाच्या शास्त्रज्ञाने जपानी 'नोरिन-१०' या बुटक्या गव्हाचा संकर केला. त्याचे बियाणे त्यांनी मेक्सिकोत काम करणाऱ्या नॉर्मन बोरलॉग यांना दिले. त्यातून निघालेले बुटके वाण १९६० च्या दशकात भारतात आले, आणि पुढचे आपण हरितक्रांती म्हणून शिकलो. आमच्या लहानपणी रेशनच्या दुकानात मिळालेल्या गव्हात या टेकड्यांचा अंश असणार. ज्या गावाला वाहिन्यांच्या हिशेबात किंमत नाही, त्या गावाचे आपण खाल्लेले आहे, हे आम्हांला तिथे उभे असताना जाणवले. विद्यापीठाचे मोल किती पडदे त्याच्याकडे वळतात यावर मोजायचे ठरवले, तर व्होगेल यांचा गहू कोणत्या रकान्यात मांडायचा?

एवढे लिहून थांबलो तर आम्ही अर्धेच बोललो असे होईल. जुने सगळे पवित्र होते आणि पैशाने ते बाटवले, अशी सरळ गोष्ट ही नाही. जुन्या व्यवस्थेतही एक खोटा शब्द होता : 'स्टुडंट-ॲथलीट', विद्यार्थी-खेळाडू. १९५० च्या दशकात एनसीएएने तो मुद्दाम रूढ केला. मैदानावर जायबंदी झालेल्यांना कामगार म्हणून भरपाई मागता येऊ नये, हा त्यामागील हेतू. संस्थेचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर, १९९५ साली लिहिलेल्या पुस्तकात या व्यवस्थेवर कठोर टीका केली. शंभरेक वर्षे मैदाने भरली, प्रशिक्षक लक्षाधीश झाले, आणि खेळणाऱ्या मुलांना शिष्यवृत्तीवर समाधान मानावे लागले. २०२१ पासून त्यांना आपल्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे मिळवता येऊ लागले. २०२५ च्या जूनमध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी प्रत्येकी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. पडद्याचा पैसा इतका मोठा झाला नसता तर तो लपवणे सोपे गेले असते. तो मोठा झाल्यामुळेच शब्दाचे ढोंग उघडे पडले. हे श्रेय त्याला द्यायला हवे.

पण किंमत कोण मोजतो, तेही पाहायला हवे. फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदा खेळतो. व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींचे सामने अधिक, आणि फुटबॉलच्या करारापायी त्यांनाही लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीपर्यंत, सुमारे चार हजार किलोमीटर, जावे लागते. बर्कली आणि यूसीएलए ही एकाच विद्यापीठव्यवस्थेची दोन अंगे. धाकटीने घर सोडल्याबद्दल थोरलीला वर्षाला एक कोटी डॉलर द्यावेत, असे त्यांच्या नियामक मंडळाने २०२४ मध्ये ठरवले, आणि वृत्तपत्रांनी त्याला पोटगी म्हटले. वॉशिंग्टन स्टेटने २०२५ च्या जूनमध्ये, बदललेल्या आर्थिक परिस्थितीमुळे, मैदानी खेळांतील फेकीचे आणि उड्यांचे प्रकार बंद केले. भाच्याचा एक विद्यार्थी त्यांत होता. "तो परवा विचारत होता," भाच्याने फोनवर सांगितले, "की माझा खेळ कुणी बघत नव्हतं हे खरंय सर, पण कुणी बघावं म्हणून मी तो सुरू केला नव्हता."

हे वाक्य आम्ही त्या रात्री एकमेकांना दोनदा वाचून दाखवले. आमच्या महाविद्यालयात मराठी विशेषस्तराच्या वर्गात एकेकाळी बाके पुरत नसत. आता पटसंख्येवरून कार्यभार ठरतो, कार्यभारावरून पदे ठरतात, आणि आमचे तरुण सहकारी तासिका तत्त्वावर, पुढच्या सत्रात आपण असू की नाही हे माहीत नसताना, ज्ञानेश्वरी शिकवतात. आमच्यावर कोणती वाहिनी बोली लावत नाही. पण मोजपट्टी तीच आहे : किती डोके? किती डोळे? त्या मोजपट्टीला आम्ही सरसकट नाकारू शकत नाही, रिकाम्या वर्गाचा अभिमान बाळगण्यात अर्थ नाही. मात्र एखादी गोष्ट मोजता येत नाही म्हणून ती नाहीच, असे जेव्हा बैठकीत कोणी म्हणते, तेव्हा आम्हांला त्या टेकड्या आठवतात.

पॅक-१२ मेलेली नाही. उरलेल्या दोघांनी न्यायालयात जाऊन तिचा कारभार आपल्या हाती राखला, आणि २०२६ च्या मोसमासाठी बॉइझी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, युटा स्टेट अशा आजवर दुय्यम मानलेल्या विद्यापीठांना बोलावून संसार पुन्हा मांडला. ज्यांच्याविरुद्ध आम्ही त्या थंडीत सामना पाहिला तेच आता घरचे होणार, असे भाच्याने कळवले. आम्ही विचारले, "मग बारा झाले का रे?"

"नाही हो," तो म्हणाला. "पण नाव तेच ठेवलंय."

थोडा वेळ आम्ही तिघेही गप्प होतो. बिग टेनने नाव ठेवले ते विकले जाते म्हणून. या दोघांनी ठेवले त्यामागेही थोडा हिशेब असेल, पण तेवढाच नसावा. घरातली माणसे गेली तरी दारावरची पाटी आपण लगेच काढत नाही. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला आता निदान इतके सांगता येईल, की शब्द तोच, मुख्यार्थाचा बाधही तोच, आणि तरी दोन्ही ठिकाणी प्रयोजन एक नाही. ते ओळखायला शिकवणे, एवढेच आमचे काम आहे.